फाटकावरचा माणूस

माझा बाप फाटकावर उभा असला की कोंडवाड्यात कुणी बोलायचं नाही, अशी आमच्याकडे शिस्त होती. कुत्रीसुद्धा ती पाळायची.

कोंडवाड्याच्या मधोमध ओंडक्यांनी वेढलेली एक गोल जागा आहे. मागच्या अरुंद बोळातून तिथे एका वेळी एकच जनावर येतं. समोर दोन फाटकं. डाव्या फाटकातून गेलं ते ट्रकवर चढतं आणि किनाऱ्याकडच्या कत्तलखान्यात जातं, सहाशे किलोमीटर. उजव्या फाटकातून गेलं ते राहतं. त्या बाजूला आमचं घर आणि घरापलीकडे कुरण. दोन्ही फाटकांच्या मध्ये उभा राहणारा माणूस जनावराकडे दोन सेकंद बघतो आणि एक फाटक ढकलतो. सेहेचाळीस वर्षं तो माणूस म्हणजे माझा बाप, क्लेम हॅलोरन.

"गुरं बाजारात विकली जात नाहीत, पोरी," तो म्हणायचा. "इथे विकली जातात. पुढची सगळी नुसती वाहतूक."

त्या दोन सेकंदांत तो काय काय बघायचा! चार दाती बैल सहाशे किलोचा झाला की त्याला सगळ्यात चांगला भाव. महिनाभर जास्त ठेवला की दात वाढतात, चरबी वाढते, किलोमागचा भाव उतरतो, आणि महिनाभराचं गवत फुकट जातं ते वेगळंच. म्हातारा लांबून बघून वजन सांगायचा आणि काट्यावर पाच-सात किलोंचाच फरक निघायचा. गाईंच्या बाबतीत त्याचा नियम एकच. दर वर्षी प्रत्येक गाईने आपण इथे का आहोत ते दाखवायचं. पोटात वासरू नसेल तर डावं फाटक. मग ती कितीही देखणी असो, कितीही गुणी असो. आमच्या आईने एकदा एका भाकड गाईसाठी रदबदली केली होती. त्याने तिला विचारलं, "हिच्या वाटणीचं गवत तू खाऊ घालणार आहेस का?" आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती, पण गाय गेलीच.

ही गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी आमच्याकडे मार्चपासून थेंब नव्हता. बारकू नदीत नुसते डोह उरले होते. आमच्या धंद्याचं गणित अशा वर्षी उलटं फिरतं. गवत संपतं तेव्हा सगळेच विकायला निघतात, म्हणून भाव पडतो. पाऊस झाला की सगळ्यांनाच गाभण गाय हवी असते, आणि तेव्हा ती कुणाकडेच नसते. म्हणून दुष्काळात एकच शहाणपण असतं. इतरांच्या आधी विकायचं, आणि विकताना गाभण गाय धरून ठेवायची. ज्याने चुकीची गाय विकली, त्याला तीच गाय पावसानंतर दुप्पट भावाने परत घ्यावी लागते, नाहीतर कुरण रिकामं ठेवून बघत बसावं लागतं.

जूनमध्ये गुरांचा डॉक्टर येऊन दोनशे चाळीस गाई तपासून गेला. जी भाकड निघाली तिच्या शेपटीचा गोंडा त्याने सरळ रेषेत कापला. लांबून दिसावं म्हणून ही आमच्याकडची खूण. साठ गाई भाकड होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या काढून पाठवायच्या ठरल्या. कापलेली शेपटी डावीकडे, गोंडा असलेली उजवीकडे. याहून सोपी निवड नसते.

त्या दिवशी आल्बी नव्हता. आल्बी म्हणजे आमचा जुना गडी. बापापेक्षा चार वर्षांनी लहान आणि बापाइतकाच हट्टी. बोळाच्या तोंडाशी उभा राहून एकेक जनावर गोल जागेत सोडायचं, हे त्याचं काम. उत्तरेकडे त्याचा चुलतभाऊ वारला होता आणि तो तिकडे गेला होता. मी म्हटलं, डॅड, आल्बी येईपर्यंत थांबू. म्हातारा म्हणाला, "ट्रक थांबतो का? भाव थांबतो का?" शेजारच्या कुरणावरचा एक गडी दिवसभरासाठी आणला आणि मी मागून गुरं ढकलत राहिले. वारा होता. धुळीने समोरचा माणूस दिसत नव्हता. दुपारपर्यंत ट्रक भरला. ड्रायव्हरने मोजून सांगितलं, बासष्ट. साठ पाहिजे होत्या. मी मनात डॉक्टरला शिव्या घातल्या, म्हटलं याला मोजता येत नाही. शेपट्या बघायला मी ट्रकजवळ गेले नाही. क्लेम हॅलोरनने काढलेली गुरं पुन्हा तपासायची, हा विचारच कधी माझ्या डोक्यात आला नव्हता.

पाच दिवसांनी कत्तलखान्याच्या खरेदीदाराचा, रॉसचा फोन आला. माणूस सरळ आहे, पण फोनवर आधी पावसाचं विचारल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नाही.

"पाऊस काय म्हणतोय, नेल?"

"तो आमच्याशी बोलत नाही. तू बोल."

"तुझ्या बासष्ट गाई. भाकड म्हणून पाठवल्या होत्यास ना?"

"हो. का?"

"चौदा गाभण निघाल्या. सहा-सहा महिन्यांच्या. तुझा म्हातारा असं करत नाही, म्हणून म्हटलं सांगावं. कागदात काहीतरी घोळ असेल."

"घोळच असेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी मोटरसायकल काढून कुरणात गेले आणि उजवीकडे राहिलेल्या गाईंच्या शेपट्या बघत फिरले. बारा शेपट्या कापलेल्या होत्या. बारा भाकड गाई आमचं शेवटचं गवत आरामात खात होत्या, आणि त्यांच्या जागी चौदा गाभण गाई गेल्या होत्या. चौदा गाई म्हणजे अठ्ठावीस जीव. मी तिथेच खाली बसले.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. तीन वर्षं तो गाडी चालवत नव्हता, गुडघा दुखतो म्हणून. वर्तमानपत्र उघडत नव्हता, त्यात जुनंच खोटं नव्याने छापतात म्हणून. चहाचा कप मी हातात दिला तरच घ्यायचा. मला वाटलं होतं म्हातारपणी लाडात आलाय. मी पंचेचाळिशीची बाई, वर्षाला हजारो जनावरांचे डोळे तपासते, आणि घरातल्या माणसाचे डोळे मला दिसले नव्हते. माझा मलाच इतका राग आला की मी गाडीला लाथ मारली.

आल्बी परत आला त्याच दिवशी मी त्याला खोगिरांच्या खोलीत गाठलं.

"आल्बी, म्हाताऱ्याला दिसत नाही."

तो पट्ट्याला तेल लावत होता. लावतच राहिला. "कडेने थोडं दिसतं," तो म्हणाला. "उजेड, सावली. मधलं नाही दिसत."

"तुला माहीत होतं?"

"हं."

"कधीपासून?"

"साडेतीन वर्षं झाली असतील."

"आणि साडेतीन वर्षं तो फाटकावर उभा राहतोय? कसा?"

आल्बीने पट्टा खाली ठेवला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. टक्. मग पुन्हा, दोनदा. टक् टक्.

"एकदा वाजवली की डावं. दोनदा वाजवली की उजवं."

तो आवाज मी हजार वेळा ऐकला होता. गुरं हाकताना आम्ही सगळेच तसा आवाज काढतो, त्याच्याकडे कोण लक्ष देणार?

"म्हणजे साडेतीन वर्षं आमची गुरं तू विकतोयस!"

"छे. काय विकायचं ते आदल्या दिवशी तोच सांगायचा. किती दाती, किती वजनाचं, कुठल्या अंगाचं. मी नुसते डोळे."

"मला वेड्यात काढलंत दोघांनी. मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू त्याला फाटकावरून उतरवलं असतंस."

"उतरवायलाच पाहिजे होतं!"

"तेच तर. म्हणून नाही सांगितलं."

मग त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला. त्या हाताला दोन बोटं नाहीत, ते मी लहानपणापासून बघत आलेय.

"ही बोटं रशीत गेली, तेव्हा तू पाळण्यात होतीस. त्या वर्षीही असाच दुष्काळ होता. आजूबाजूच्या सगळ्या कुरणांवर धडधाकट गडी कमी करत होते. आठ बोटांच्या गड्याला कोण ठेवतो? दवाखान्यातून आलो तेव्हा मी सामान बांधूनच ठेवलं होतं. तुझा बाप म्हणाला, बोळाच्या तोंडाशी उभा राहा, तिथे रशी लागत नाही." त्याने पट्टा पुन्हा हातात घेतला. "तेव्हापासून मी तिथेच उभा आहे."



पण प्रश्न चौदा गाईंवर संपत नव्हता. तीन आठवड्यांनी खरी निवड होती. किनाऱ्याकडे एका ओळखीच्या माणसाकडे आम्हाला भाड्याने चराई मिळाली होती, फक्त नव्वद गाईंपुरती. दर आठवड्याला डोकी मोजून भाडं. त्या बारा भाकड सोडून आमच्याकडे गाभण गाई उरल्या होत्या एकशे सहासष्ट. त्यातल्या नव्वद राखायच्या आणि शहात्तर विकायच्या. शेपटीची खूण इथे उपयोगाची नव्हती, सगळ्याच गाभण. कुठली गाय परक्या कुरणात तगेल, कुठली वासराला दूध देऊन पुन्हा माजावर येईल, हे बघायला नजर लागते. ती नव्वद चुकली की बापाने सेहेचाळीस वर्षं जमवलेला कळप संपला, मग पाऊस येऊन काय उपयोग? आणि ती नजर ज्याच्याकडे होती त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण फाटकावर मी एकदाही उभी राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर बसून रेडिओवर बाजारभाव ऐकत होता. मी रेडिओ बंद केला.

"डॅड, मागच्या ट्रकमध्ये चौदा गाभण गाई गेल्या."

तो हलला नाही. "कोण म्हणतं?"

"रॉस."

"किती महिन्यांच्या?"

"सहा."

त्याने दोन्ही हात मांड्यांवर सपाट ठेवले. मग म्हणाला, "आणि कापलेल्या किती राहिल्या इकडे?"

"बारा."

"दोनशे चाळिसांत सव्वीस." हिशोब त्याने माझ्याआधी केला. "भाकड गाय मागचे पाय जवळ जवळ टाकते, गाभण गाय रुंद टाकते. जमिनीवर वेगळं वाजतं. मला वाटलं, आल्बी नसला तरी मला ऐकू येईल."

मला तोपर्यंत वाटत होतं की त्याने डोळे मिटून फाटकं ढकलली असतील. नुसत्या पावलांच्या आवाजावर त्याने दोनशे चौदा गाई बरोबर काढल्या होत्या.

"डॅड, सव्वीसच चुकल्या. दुसऱ्या कुणाला हे—"

"सव्वीसच?" तो एवढ्या जोरात ओरडला की अंगणातली कुत्री उठून उभी राहिली. "माझ्या फाटकावर सव्वीस चुका करणाऱ्या माणसाला मी जेवणाच्या सुट्टीआधी हाकलला असता! तू धंदा करतेस की आंधळ्याची समजूत घालतेस?"

तो शब्द त्याने स्वतःच उच्चारला.

"मग आता मी काय करू?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? फाटकावर जो उभा राहतो तो विचारत नाही."

तो उठला आणि भिंतीला हात लावत आत गेला. त्याने भिंतीला हात लावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. किंवा पहिल्यांदाच त्याने तो लपवला नाही. मी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि रडले. तिथे यंत्र चालू असलं की बाहेर ऐकू जात नाही.

पुढचे तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतं बोलला. निवडीच्या दिवशी मी पहाटे उठून चहा केला, तेव्हा त्याची टोपी खुंटीवरच होती. मी एकटीच निघाले.

आल्बी बोळाच्या तोंडाशी उभा होता. "घाबरलीस?" त्याने विचारलं.

"तू तोंड बंद ठेव. मला टकटक नकोय तुझी."

"तुझ्यासाठी जीभ झिजवायला मी मोकळा नाही," तो म्हणाला आणि पहिली गाय सोडली.

फाटकावरून जनावर वेगळंच दिसतं. ते सरळ तुमच्या अंगावर येतं आणि तुमच्याकडे बघतं. पहिल्या दहा गाईंना मी एवढा वेळ लावला की मागे बोळात धक्काबुक्की सुरू झाली. मग हळूहळू हात आणि डोळा जुळले. तरणी, जुळलेल्या दातांची, रुंद कंबरेची: उजवं. ओढलेली, डोळे फिरवणारी, खुबे वर आलेली: डावं. डावं. उजवं. दोन तासांत अंगातून घामाच्या धारा लागल्या. शिव्या द्यायलाही सवड नव्हती.

मध्येच कधीतरी मला जाणवलं की बाजूच्या कठड्यावर कुणीतरी बसलंय. वळून बघायची गरज नव्हती. कुत्री गप्प झाली होती.

आणि मग ट्रीकल आली.

आम्ही गाईंना नावं ठेवत नाही. ही एकच. अकरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात हिची आई तळ्याच्या चिखलात रुतून मेली. बापाने वासरू खोगिरावर आडवं टाकून घरी आणलं, बाटलीने दूध पाजलं, आणि पुढे गवत नव्हतं म्हणून काकवी चाटवली. आमच्याकडे काकवीला ट्रीकल म्हणतात. तिला आठ वेतं झाली होती आणि एकही वासरू वाया गेलं नव्हतं. कळपात तिच्या लेकी आणि नाती वीसच्या वर होत्या. तिच्या पुढच्या डाव्या पायाचा खूर लहानपणी फाटला होता. कडक जमिनीवर चालली की तो हलकासा वाजायचा. बाप कुरणात उतरला की ती कुठूनही चालत यायची आणि त्याचा हात चाटायची. आई वारली त्या वर्षी तो घरात कमी आणि त्या गाईजवळ जास्त असायचा.

ती गोल जागेत आली आणि शांत उभी राहिली. पोटात वासरू होतं. पण दात झिजून हिरड्यांना लागले होते, पाठीचा कणा वर आला होता. परक्या कुरणातलं जाडं गवत तिला चावता येणार नव्हतं. विताना आडवी झाली असती तर परत उठली नसती. तिच्याबरोबर वासरूही गेलं असतं, आणि भाडं आम्ही मेलेल्या गाईचं भरलं असतं. दोन सेकंद पुरेसे होते. मला दोन सेकंदांतच कळलं होतं.

माझा हात फाटकावर होता आणि हलत नव्हता. दहा सेकंद गेले असतील, वीस गेले असतील. आल्बी जमिनीकडे बघत होता. मी मनात नव्वदांत एक जागा शोधायला लागले. नव्वदांत एक! कुणाला कळणार होतं? ट्रीकलने मान वळवून कठड्याकडे बघितलं आणि एक पाऊल टाकलं. खूर वाजला.

कठड्यावरून आवाज आला. टक्.

मी वाट बघितली. देवाशपथ सांगते, दुसऱ्या आवाजाची मी वाट बघितली. तो आला नाही.

मी डावं फाटक उघडलं. ती गेली. नेहमीसारखीच सावकाश गेली. माझे डोळे भरून आले होते, पण पुढची गाय आत आली होती आणि तिचे दात बघायचे होते.

दुपारी दोनला काम संपलं. नव्वद उजवीकडे, शहात्तर डावीकडे. आल्बी पाणी प्यायला गेला. मी दोन्ही फाटकं लावून तिथेच टेकून उभी राहिले. बाजूला बाप कठड्यावरून उतरल्याचा आवाज आला. घराकडे जायला बोळातून जवळची वाट आहे. तो ओंडक्यांना हात लावत लावत बोळातून आला आणि गोल जागेत, मघाशी गाई जिथे उभ्या राहत होत्या तिथे येऊन थांबला. समोर दोन फाटकं होती आणि दोन्ही बंद होती. उन्हात डोळे बारीक करून त्याने या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. सेहेचाळीस वर्षं ज्या जागेवर तो डोळे मिटूनही फिरला असता, तिथे आता तो मधोमध उभा होता. त्याला बाजू कळत नव्हती.

"नेल," तो म्हणाला. आवाज इतका हळू होता की मला आधी वाटलं आल्बीच बोलला. "मी कुठल्या फाटकातून जाऊ?"

आपण काय करायचं, हे त्याने आयुष्यात मला पहिल्यांदाच विचारलं.

माझ्या तोंडात सकाळपासूनची धूळ होती आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. मी थुंकी गिळली आणि जीभ वाजवली, एकदा. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मान खाली घालून तो तसाच उभा राहिला. मी घाईघाईने पुन्हा वाजवली.

तो उजवीकडे वळला. मी फाटक उघडून धरलं.